आधीच्या डोसचे ऐकून घ्या, मग पुढच्या डोसचे सांगा

महोदय,

लशीचा बूस्टर डोस घ्यायला लोक कां-कू करतात, ही तक्रार डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते आणि तिच्यावरचा उपाय म्हणून 'जनजागृती वाढवा' एवढेच सांगितले जाते. मी स्वतः याच व्यवसायात आहे आणि हे पत्र मुख्यतः माझ्या समव्यावसायिकांसाठी आहे. परंतु या संवादाची दुसरी बाजू म्हणजे आपले वाचक असल्याने ते जाहीरपणे लिहिणे मला योग्य वाटते. माझे म्हणणे असे, की बूस्टरबाबत संकोच करणाऱ्याला आपण लसविरोधकांच्या गटात टाकतो आणि त्याच्याशी तसेच बोलतो. वस्तुतः ज्याच्यापुढे बूस्टरचा प्रश्न उभा आहे, त्याने आधीचे डोस घेतलेले असतात. त्याने एकदा आपल्यावर विश्वास टाकलेला असतो, दंड पुढे केलेला असतो, आणि त्यानंतर काय झाले याचा स्वतःचा अनुभव त्याच्यापाशी असतो. त्या अनुभवाची विचारपूस न करता आपण त्याला लसीकरणाचे प्राथमिक धडे देऊ लागतो, आणि संवाद तिथेच बिघडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये, म्हणजे कोविडची साथ सुरू होण्याआधीच, जगाच्या आरोग्यापुढील दहा मोठ्या धोक्यांत लसीकरणाबाबतच्या संकोचाचा समावेश केला होता. या संकोचाची कारणे ढोबळमानाने तीन प्रकारची मानली जातात: लशीवर किंवा ती देणाऱ्या यंत्रणेवर विश्वास नसणे, आजाराचा धोका किरकोळ वाटणे, आणि लस मिळवण्यातली गैरसोय. ही मांडणी उपयुक्त आहे. मात्र बूस्टरच्या बाबतीत ती जशीच्या तशी लागू पडत नाही. पहिल्या डोसच्या वेळी माणूस ऐकीव गोष्टींवर विसंबून निर्णय घेतो. बूस्टरच्या वेळी त्याला मागच्या डोसनंतरचा ताप आठवतो, दोन्ही डोस घेऊनही झालेला संसर्ग आठवतो, शेजारच्या कोणाला तरी झालेला त्रास आठवतो आणि 'दोन डोस घेतले की झाले' असे आपणच त्याला सांगितल्याचेही आठवते. यांपैकी बऱ्याच आठवणी खऱ्या असतात, ही बाब आपण मनाशी पक्की धरली पाहिजे.

त्याच्या मनातला पहिला प्रश्न साधा असतो: पुन्हा का? या प्रश्नाचे सरळ उत्तर आपल्यापैकी फार थोडे जण देतात, कारण सगळ्या लशींना मिळून एकच उत्तर नाही आणि ते आपण नीट वेगळे करून सांगत नाही. लस घेतल्यानंतर रक्तातली प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना अडवणारी प्रथिने, वाढतात आणि काही काळाने कमी होतात. हे कमी होणे शरीराच्या नेहमीच्या कामाचाच भाग आहे. ते लशीचे अपयश मानण्याचे कारण नाही. त्या जंतूची ओळख ठेवणाऱ्या स्मृतिपेशी मागे राहतात आणि पुन्हा गाठ पडली की कामाला लागतात. ज्या आजारात जंतू शरीरात शिरल्यापासून आजार बळावेपर्यंत बरेच दिवस जातात, तिथे या पेशींना पुरेसा अवधी मिळतो. जिथे जंतूचे विष वेगाने काम करते किंवा जंतू श्वसनमार्गातच झटपट वाढतो, तिथे प्रतिपिंडे आधीपासून पुरेशा प्रमाणात असावी लागतात. काही आजारांना बूस्टर का लागतो आणि काहींना का लागत नाही, याचे उत्तर बरेचसे या फरकात आहे, आणि ते सामान्य माणसाला पाच मिनिटांत समजावून सांगता येते.

धनुर्वाताचे उदाहरण घ्यावे. त्याचे जंतू मातीत असतात. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे आसपासच्या सर्वांनी लस घेतली तरी त्याचा मला काही उपयोग नाही. माझे संरक्षण माझ्याच रक्तात असावे लागते. शिवाय हा आजार होऊन गेला तरी त्याची प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही, कारण आजार घडवायला लागणारे विष इतके अल्प असते की शरीराला त्याची ओळखही पटत नाही. म्हणून अनेक देशांत प्रौढांनाही ठरावीक काळाने ही लस पुन्हा घेण्यास सांगितले जाते. घटसर्पाची गोष्ट वेगळी. सोव्हिएत संघ फुटल्यानंतर १९९० च्या दशकात त्यातून निघालेल्या देशांमध्ये घटसर्प परतला. दीड लाखांहून अधिक लोकांना तो झाला आणि सुमारे पाच हजार लोक मृत्युमुखी पडले. मुलांमधील लसीकरण घटले होतेच. पण लहानपणी मिळालेले संरक्षण ओसरलेले प्रौढही या साथीत मोठ्या संख्येने सापडले आणि ती आटोक्यात आणण्यासाठी प्रौढांना व्यापक प्रमाणावर लस द्यावी लागली. डांग्या खोकल्याच्या लशीचे संरक्षणही काही वर्षांत क्षीण होते. इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत तर विषाणूच बदलत राहतो, म्हणून लशीत कोणते प्रकार असावेत याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा करते, एकदा उत्तर गोलार्धासाठी आणि एकदा दक्षिण गोलार्धासाठी.

गोवराच्या दुसऱ्या डोसलाही अनेक जण, काही आरोग्य कर्मचारीसुद्धा, बूस्टर समजतात. पहिल्या डोसने सुमारे ९३ टक्के मुलांना संरक्षण मिळते आणि ज्यांच्या शरीराने त्या वेळी प्रतिसाद दिला नाही, त्यांच्यासाठी दुसरा डोस असतो. त्याने हे प्रमाण ९७ टक्क्यांच्या आसपास जाते. पालकाने 'पहिला डोस वाया गेला का?' असे विचारले, तर त्याला हे सांगता आले पाहिजे. प्रत्येक जादा डोसला एकाच शब्दात गुंडाळले की ऐकणाऱ्याला वाटते, हे लोक डोस वाढवतच जाणार.

या शंकेला माझ्या मते सर्वांत चांगले उत्तर पीतज्वराच्या लशीने दिले आहे, आणि ते आपण पुरेसे वापरत नाही. या लशीचा बूस्टर दर दहा वर्षांनी घ्यावा, असा आंतरराष्ट्रीय प्रवासाचा नियम कित्येक दशके होता. उपलब्ध पुरावा तपासून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये सांगितले, की बहुतेकांना एकच डोस आयुष्यभर पुरतो. जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमही त्याप्रमाणे बदलला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणाऱ्या एचपीव्ही लशीचेही तसेच. सुरुवातीला तिचे तीन डोस दिले जात, पुढे लहान वयातल्या मुलींना दोन पुरेसे ठरले आणि २०२२ मध्ये एका डोसचा पर्यायही मान्य झाला. 'कंपन्यांना खपवायचे आहे म्हणून डोस वाढवतात' असे म्हणणाऱ्याला 'पुरावा मिळाला तेव्हा डोस कमीही केले आहेत' असे उदाहरणासह सांगता येणे मला फार महत्त्वाचे वाटते. कंपन्यांच्या हितसंबंधांविषयीची शंका मुळात वावगी नाही. ती विचारणाऱ्याचा अवमान न करता तिला तथ्यांनी उत्तर देणे हे आपले काम आहे.

आता कोविडविषयी, कारण बूस्टरबद्दलचा आजचा अविश्वास बव्हंशी तिथून आला आहे. २०२० च्या अखेरीस दोन एमआरएनए लशींच्या (विषाणूचे एक प्रथिन बनवण्याची सूचना शरीराला देणाऱ्या लशींच्या) चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि सुमारे ९५ टक्के परिणामकारकता असा आकडा जगभर गेला. हा आकडा लक्षणे असलेल्या आजारापासूनच्या संरक्षणाचा होता, तो त्या वेळच्या विषाणूविरुद्धचा होता आणि डोसनंतरच्या पहिल्या काही महिन्यांतला होता. या तिन्ही अटी गाळून तो लोकांपर्यंत पोहोचला, आणि लोकांनी त्याचा अर्थ 'आता आपल्याला कोविड होणार नाही' असा घेतला. पुढे विषाणूचा डेल्टा हा बदललेला प्रकार आला. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ओमायक्रॉनला चिंताजनक प्रकार म्हणून जाहीर केले, आणि लस घेतलेल्यांनाही मोठ्या प्रमाणावर संसर्ग झाला. गंभीर आजार आणि मृत्यू यांपासूनचे संरक्षण बऱ्याच अंशी टिकून होते; परंतु ज्याला संसर्गच होणार नाही असे वाटले होते, त्याच्या दृष्टीने लस खोटी ठरली. अशा माणसाकडे जाऊन आपण 'आता बूस्टर घ्या, म्हणजे सुरक्षित व्हाल' असे म्हणत असू, तर तो ऐकणार नाही. त्याने ऐकावे अशी अपेक्षाही रास्त नाही.

त्याला जे सांगायचे ते असे: बूस्टरने संसर्गापासून मिळणारे संरक्षण काही महिन्यांतच कमी होते, रुग्णालयात दाखल करावे लागण्याइतक्या गंभीर आजारापासूनचे संरक्षण अधिक काळ टिकते, आणि ज्याला गंभीर आजाराचा धोका जास्त, त्याला बूस्टरचा लाभ जास्त. एवढे प्रामाणिकपणे सांगितले तर वाक्याचा जोर कमी होतो हे मला मान्य आहे. पण पुढच्या वेळी त्याला संसर्ग झाला, तरी आपण सांगितलेले खरेच ठरते आणि तो पुन्हा आपल्याकडेच येतो.

आणखी एक गोंधळ त्या काळात झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीमंत देशांना बूस्टर देणे काही काळ थांबवण्याचे आवाहन केले, कारण अनेक गरीब देशांत आरोग्य कर्मचाऱ्यांना पहिला डोससुद्धा मिळाला नव्हता. हा वाद प्रामुख्याने न्याय्य वाटपाचा होता. परंतु त्याच सुमारास काही देशांनी बूस्टर सुरू केले होते, आणि सामान्य माणसापर्यंत एवढेच पोहोचले की तज्ज्ञांचेच एकमत नाही, तेव्हा यात काही धोका असणार. दवाखान्यात बसणाऱ्या व्यक्तीने या वादाचा विषय काय होता हे दोन वाक्यांत सांगितले असते, तर पुष्कळ गैरसमज टळले असते. ते सांगायला आपल्याला कोणी शिकवले नव्हते, हेही खरे.

दुष्परिणामांच्या विषयावर मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण बूस्टर नाकारण्यामागे मागच्या डोसचा त्रास हे कारण मला फार वेळा आढळते आणि त्याला सर्वांत वाईट उत्तर दिले जाते. ते उत्तर म्हणजे 'काही होत नाही'. ज्याला मागच्या वेळी दोन दिवस ताप आणि अंगदुखी होती, त्याला 'काही होत नाही' म्हणणे म्हणजे त्याचा अनुभव खोटा ठरवणे. त्याऐवजी पहिला प्रश्न 'मागच्या डोसनंतर तुम्हाला कसे वाटले होते?' असा असावा, आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे. त्रास कधी सुरू झाला, किती काळ राहिला, कोणाला दाखवले, कामावर जाता आले का, घरात दुसऱ्या कोणाला काही झाले का. हे प्रश्न वैद्यकीय दृष्ट्याही आवश्यक आहेत, कारण अपेक्षित प्रतिक्रिया, त्याच वेळी योगायोगाने उद्भवलेला दुसरा आजार आणि लशीमुळे झालेली खरी गंभीर घटना यांतला फरक अशा विचारपुशीतूनच कळतो. यातून एखाद्याला खरी गंभीर ॲलर्जी झाली होती असे निष्पन्न झाले, तर त्याला तीच लस पुन्हा देणे धोक्याचे आहे आणि त्याचा संकोच सर्वस्वी योग्य होता, हे आपण मान्य केले पाहिजे.

कोविड लशींच्या चाचण्यांमधल्या प्लासिबो गटांचा एक एकत्रित अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना लस नव्हे तर नुसते निरुपद्रवी द्रावण टोचले होते, त्यांच्यापैकीही सुमारे ३५ टक्के लोकांनी पहिल्या टोचणीनंतर डोकेदुखी, थकवा यांसारखे त्रास नोंदवले होते. भीती आणि अपेक्षा यांमुळे शरीराला खरोखर त्रास जाणवतो, असा याचा अर्थ. ही माहिती उपयोगाची आहे, पण ती अत्यंत जपून वापरावी लागते. 'हे तुमच्या मनाचे आहे' असे ऐकवल्यावर कोणीही पुन्हा दारात येत नाही. 'टोचल्यावर एक-दोन दिवस डोके दुखणे, थकवा येणे हे अनेकांना होते. काही वेळा लशीमुळे, काही वेळा नुसत्या धास्तीनेही होते. दोन्ही लवकर थांबते' असे सांगितले, तर तीच माहिती धीर देते.

दुर्मीळ पण खऱ्या दुष्परिणामांबद्दल आपण स्वतःहून बोलले पाहिजे, विचारण्याची वाट पाहू नये. एमआरएनए लशींनंतर हृदयाच्या स्नायूचा दाह होऊ शकतो. तो प्रामुख्याने किशोरवयीन आणि तरुण पुरुषांत, बहुधा दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांत आढळला, आणि बहुतेक रुग्ण उपचारांनी बरे झाले. दोन डोसमधले अंतर वाढवल्यास हा धोका कमी होतो, असेही दिसून आले. अ‍ॅडिनोव्हायरसवर (निरुपद्रवी केलेल्या सर्दीच्या एका विषाणूवर) आधारित लशींनंतर, प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या होण्याचा एक अतिशय दुर्मीळ पण गंभीर प्रकार २०२१ मध्ये ओळखला गेला, आणि त्यावरून अनेक देशांनी त्या लशींसाठी वयाची मर्यादा बदलली. लशींनंतर येणारी तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया साधारणपणे दहा लाख डोसमागे सुमारे एक इतकी दुर्मीळ आहे. हे सांगितल्याने लोक घाबरतात, असे अनेक सहकारी म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. आपण सांगितले नाही तर तीच गोष्ट त्यांच्या फोनवर येते, आणि तिथे तिच्यासोबत ना प्रमाण असते ना उपाय. आपण सांगतो तेव्हा छातीत दुखले, धाप लागली, हृदयाची धडधड वाढली तर वाट न पाहता कुठे यायचे, हेही सांगतो. धोका आकड्यात सांगताना 'दुप्पट', 'तिप्पट' अशी भाषा टाळावी आणि लाखात किती, दहा लाखांत किती, असे सांगावे. शिवाय प्रत्यक्ष आजारात तीच गुंतागुंत किती वेळा होते तेही शेजारी ठेवावे.

मागच्या डोसनंतर कोणाला लक्षणीय त्रास झाला असेल, तर त्याची अधिकृत नोंद झाली होती का, हे पाहावे. झाली नसेल तर ती त्याच्यासमोर करावी. आपली तक्रार कोणीतरी लिहून घेतली आणि ती वर गेली, एवढ्यानेही माणसाचा सूर बदलतो.

संवाद कसा करावा, यावर बरेच संशोधन झालेले आहे. लहान मुलांच्या नेहमीच्या लशींच्या वेळी 'आज या दोन लसी द्यायच्या आहेत' असे गृहीत धरून सांगितले तर पालकांचा विरोध कमी दिसतो, हे अमेरिकेतील अभ्यासांत आढळले आहे. त्यावरून काही जण बूस्टरसाठीही हीच रीत सुचवतात. ज्याच्या मनात शंका नाही, केवळ तारीख लक्षात राहिलेली नाही, त्याच्यासाठी ती ठीक आहे. परंतु जो मनाशी काहीतरी ठरवून आला आहे, त्याला गृहीत धरलेले आवडत नाही. अशा वेळी विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात विकसित केलेली प्रेरक संवादाची पद्धत अधिक उपयोगी पडते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात नवजात बाळांच्या मातांशी प्रसूतिगृहातच या पद्धतीने बोलण्याचा उपक्रम राबवला गेला आणि त्याने लसीकरणाची इच्छा वाढल्याचे दिसले. पद्धतीचा गाभा असा, की निर्णयाची कारणे आपण लादण्याऐवजी समोरच्याच्या तोंडून बाहेर यावीत.

प्रत्यक्षात ते काहीसे असे होते. समजा, मधुमेह असलेल्या सत्तरीतल्या एक बाई म्हणतात, 'मला आता आणखी टोचून घ्यायचे नाही.' डॉक्टर म्हणतात, 'ठीक आहे. नको वाटण्याचे कारण मला सांगाल का?' त्या सांगतात, 'मागच्या वेळी तीन दिवस अंथरुणात होते, आणि एवढे करून कोविड झालाच.' इथे आपली जीभ आकडेवारीकडे वळवळते. तिला आवर घालून, 'म्हणजे त्रासही झाला आणि उपयोगही झाला नाही, असे तुम्हाला वाटले,' एवढेच म्हणावे. त्यावर बऱ्याचदा माणूस स्वतःच पुढे बोलतो: 'तसे रुग्णालयात जावे लागले नाही म्हणा.' मग विचारावे, 'याबद्दल मला जे माहीत आहे ते सांगू का?' परवानगी मिळाली की दोन-तीन वाक्यांत सांगावे आणि थांबून 'यावर तुम्हाला काय वाटते?' असे विचारावे. त्या तरीही नको म्हणाल्या, तर 'पुढच्या भेटीत पुन्हा बोलू, तोवर काही विचारावेसे वाटले तर जरूर विचारा' असे म्हणून त्यांची रक्तातील साखर तपासावी. नकारानंतर आपला चेहरा आणि आवाज बदलला नाही, हे त्यांच्या नक्की लक्षात राहते.

अफवांचे खंडन करतानाही सावध राहावे लागते. फ्लूच्या लशीमुळेच फ्लू होतो, हा समज अमेरिकेत बराच पसरलेला आहे. तो दूर करणारी माहिती लोकांना दिल्यावर काय होते, याचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. माहिती वाचून तो समज कमी झाला. परंतु ज्यांना दुष्परिणामांची आधीपासून फार काळजी होती, त्यांची लस घेण्याची इच्छा उलट घटली. चूक दुरुस्त झाली तरी भीती तशीच राहते आणि दुसरे कारण शोधते. म्हणून अफवा आधी उच्चारून मग ती खोडण्यापेक्षा, जे खरे आहे ते आधी व स्पष्ट सांगावे, आणि काळजीचे मूळ कुठे आहे ते विचारावे.

बूस्टरविषयी विश्वासाने बोलायचे, तर 'तुम्हाला तो आत्ता लागणार नाही' हे म्हणण्याची तयारीही हवी. मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने कोविड लसीकरणासाठी उच्च, मध्यम आणि निम्न प्राधान्याचे गट सांगितले. वृद्ध, गंभीर सहव्याधी असलेले, प्रतिकारशक्ती कमी असलेले, गर्भवती आणि थेट रुग्णसेवेतले कर्मचारी यांना पुढील बूस्टरची शिफारस केली. निरोगी तरुण प्रौढांसाठी मात्र, प्राथमिक डोस आणि एक बूस्टर यांपुढे नियमित बूस्टरची शिफारस केली नाही. ते सुरक्षित असले तरी लाभ तुलनेने थोडा, असे कारण दिले. ही भेदाची रेषा आपल्या बोलण्यात उतरली पाहिजे. पंचविशीतला निरोगी तरुण आणि त्याची मूत्रपिंडाचा विकार असलेली आजी एकत्र आली आणि दोघांना आपण एकच वाक्य ऐकवले, तर तरुणाला ते अतिरेकी वाटते आणि आजीला तिची निकड कळत नाही. तरुणाला 'तुम्हाला याची घाई नाही, पण आजींना तो या महिन्यातच घ्यायला हवा' असे सांगितले, तर बहुधा तो तरुणच आजीला घेऊन येतो. नुकताच संसर्ग होऊन गेलेल्याला किती थांबायचे, ताप असताना टोचायचे की नाही, दोन वेगवेगळ्या लसी एका दिवशी चालतात का, या प्रश्नांचीही नेमकी उत्तरे तयार असावीत. ती देताना चाचरणे लोकांच्या लगेच लक्षात येते.

सगळाच नकार शंकेतून येत नाही. पुष्कळांना तारीख आठवत नाही, आधीच्या डोसची नोंद सापडत नाही, कामाच्या वेळा जुळत नाहीत. अशांसाठी आठवणीचा साधा फोन किंवा संदेशही परिणामकारक ठरतो. जगभरच्या अभ्यासांच्या एका मोठ्या आढाव्यात अशा आठवणींमुळे लसीकरण सुमारे आठ टक्क्यांच्या फरकाने वाढलेले आढळले. सुईची भीती हेही प्रौढांनी न बोललेले कारण असते, कारण ते सांगायची त्यांना लाज वाटते. आडवे झोपवून टोचणे, भोवळ येण्याची सवय असेल तर हातापायांचे स्नायू आवळून धरायला सांगणे, टोचल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवणे, या गोष्टींना खर्च काहीच नाही. मात्र 'सुईची भीती वाटते का?' हा प्रश्न आपणच विचारावा लागतो.

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या संकोचाविषयी आपल्या व्यवसायात मोकळेपणाने बोलले जात नाही. ज्या परिचारिकेने स्वतः बूस्टर घेतलेला नाही, तिच्या शिफारशीत जोर येत नाही, आणि नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्याने 'मी पण नाही घेतला' असे सहज म्हटले की डॉक्टरांची अर्ध्या तासाची मेहनत पुसली जाते. यावर फर्मान काढून उपयोग नाही. रुग्णाला जो आदर द्यायचा तोच आधी सहकाऱ्यांना द्यावा: त्यांच्या मागच्या डोसचा अनुभव विचारावा, शंका बैठकीत मांडू द्याव्यात आणि उत्तरे द्यावीत. दुबळ्या रुग्णांची सेवा करणाऱ्यांवर लशीची सक्ती असावी का, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि काही ठिकाणी ती समर्थनीय असेलही. पण सक्तीने घेतलेल्या डोसनंतर तो कर्मचारी दुसऱ्याला मनापासून शिफारस करील, असे मला वाटत नाही.

आरोग्य प्रशासनाकडे माझ्या काही मागण्या आहेत. लसीकरणाचे मूल्यमापन केवळ टोचलेल्या डोसच्या संख्येवर होते, त्यामुळे शंका असलेल्या माणसाला दिलेली पंधरा मिनिटे हिशेबात कुठेच येत नाहीत आणि कर्मचाऱ्यांना ती वाया गेल्यासारखी वाटतात. अशा समुपदेशनाची नोंद व्हावी आणि त्यासाठी वेळ व माणूस नेमून द्यावा. संवादाचे प्रशिक्षण व्याख्यानांतून न देता प्रत्यक्ष सरावातून द्यावे आणि त्यात परिचारिका, औषधविक्रेते आणि नोंदणी कर्मचारी यांना घ्यावे. प्रतिकूल घटनेची नोंद करणाऱ्या व्यक्तीला, तपासात पुढे काय निष्पन्न झाले ते कळवण्याचे बंधन असावे. आज नोंद वर जाते आणि उत्तर खाली येत नाही. शिफारस बदलते तेव्हा ती बातम्यांतून कळण्याआधी लस देणाऱ्यांना कळावी, आणि तिच्यासोबत कोणता नवा पुरावा आला, कोणाला लागू आहे, कोणाला नाही, कोणती बाब अजून अनिश्चित आहे, हे एका पानात साध्या भाषेत दिलेले असावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी समोर बसलेल्या पहिल्या माणसाने 'पुन्हा का?' असे विचारले तर त्याला उत्तर देता येईल.

आपला विश्वासू,
एक कौटुंबिक डॉक्टर